चाफा आणला, पण नेमका कोणता? ओळखीतला घोळ सोडवायचा कसा

सोनचाफा म्हणून मागवलेल्या रोपाला पाच पाकळ्यांची पांढरी फुलं येतात. नागचाफा म्हणून लावलेलं झाड बारा महिने फुलतं, पण फुलाला वास नाही. हिरव्या चाफ्याचा वेल आणला आणि त्याचं सरळ खोडाचं झाड होत चाललंय. कवठी चाफा दोघांनी घेतला, एकाला कमरेएवढं झुडूप मिळालं आणि दुसऱ्याला जाड पानांचा वृक्ष. दर पावसाळ्यात, रोपं खरेदी करायच्या दिवसांत, या तक्रारी नव्याने येतात. दर वेळी रोपवाला फसवत असतो असं नाही. मराठीत ‘चाफा’ या एका नावाखाली सात निरनिराळ्या कुळांतल्या वनस्पती वावरतात, आणि हिंदी, गुजराती लेबलांवरचं ‘चंपा’ किंवा ‘चंपो’ हा घोळ आणखी वाढवतं. रोपं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात, लेबल बदलतं, रोप तेच राहतं.

फूल आलं की ओळख पटते, पण तोवर दोन-तीन वर्षं गेलेली असतात. म्हणून फूल नसताना, पिशवीतल्या हातभर रोपावरून ओळखता आलं पाहिजे. ते जमतं. त्यासाठी डोळे, नख आणि दहा मिनिटं पुरतात.

फूल नसताना करायच्या तपासण्या

क्रम महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या दोन तपासण्यांतच निम्मा घोळ सुटतो.

1. खालचं एक पूर्ण वाढलेलं पान देठापासून तोडा आणि तुटलेल्या जागी बघा. पांढराशुभ्र, दाट चीक लगेच थेंबाने ओघळला तर तो देवचाफ्याच्या गटातला आहे, म्हणजे प्लुमेरिया. सोनचाफा, कवठी चाफा, हिरवा चाफा आणि कनकचाफा यांना चीक येत नाही. उंडीला, म्हणजे सुलतान चाफ्याला, थोडा चिकट चीक येऊ शकतो, पण तो असा ओघळत नाही, आणि तिचा निर्णय तिसऱ्या तपासणीत होतोच. प्लुमेरियाचा चीक त्वचेला चुरचुरतो आणि डोळ्यात गेला तर त्रास होतो. तपासणी झाली की हात साबणाने धुवा.

2. फांदीवर पानाच्या देठाजवळ बघा. पेरापाशी फांदीभोवती पूर्ण फिरलेलं बारीक वळं दिसलं, आणि शेंड्याची कळी टोकदार आवरणात पूर्ण झाकलेली असली, तर ते मॅग्नोलिया कुळ: सोनचाफा किंवा कवठी चाफा. ते आवरण म्हणजे उपपर्ण. पान उलगडताना ते गळतं आणि मागे वळं ठेवतं. वड, पिंपळ, फणस यांच्या फांदीवरही असं वळं असतं, पण त्यांना चीक असतो. तेव्हा नियम असा: वळं आहे आणि चीक नाही, तरच मॅग्नोलिया.

3. पानं समोरासमोर जोडीने आहेत की एकाआड एक? जोडीने असतील तर ते झाड नागचाफा, उंडी किंवा सुरंगी या गटातलं. बाकी सगळ्या चाफ्यांची पानं एकाआड एक असतात. देवचाफ्याची पानं फांदीच्या टोकाला इतकी दाटीने येतात की मांडणी चटकन कळत नाही, म्हणून पानं गळून गेलेल्या भागातल्या खुणा बघा.

4. पान उलटं करा. मागची बाजू पांढुरकी, मेणाचा हात फिरवल्यासारखी आणि पान अरुंद असेल तर नागचाफा. मागे तांबूस-तपकिरी लव असेल आणि पान जाड, चकचकीत असेल तर मोठा कवठी चाफा. मागे राखाडी-पांढरी लव असेल आणि पान ताटाएवढं होत असेल तर कनकचाफा.

5. फांदीवर पक्के, वाकलेले आकडे आहेत का? असतील तर हिरवा चाफा. हे आकडे लहान रोपाला नसतात, झाड जरा मोठं झाल्यावर येतात. त्यामुळे आकडा दिसला तर खूण पक्की, दिसला नाही म्हणून हिरवा चाफा नाहीच असं म्हणता येत नाही.

सोनचाफा: ‘फुलतच नाही’ आणि ‘रंग बदलला’

मॅग्नोलिया चंपाका हे याचं आजचं शास्त्रीय नाव. जुन्या पुस्तकांत तो मायकेलिया चंपाका म्हणून सापडेल. झाड तेच, फक्त नाव बदललं आहे. उंच वाढणारा सदाहरित वृक्ष, चांगल्या जागी 30 मीटरपर्यंत जातो. पानं लांबट, टोकाला निमुळती. फूल पानाच्या बगलेत एकेकटं येतं, त्याच्या अरुंद पाकळ्या साधारण 12 ते 20, रंग फिकट पिवळ्यापासून गडद केशरीपर्यंत. फुलानंतर ठिपकेदार हिरव्या कोषांचा घोस धरतो, कोष उकलले की तांबड्या आवरणाचं बी दिसतं.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार: चार वर्षं झाली, फूल नाही. इथे ओळख बहुधा बरोबर असते, चूक असते ती रोपाच्या जातकुळीची. बियांपासून केलेला सोनचाफा फुलायला सात-आठ वर्षं सहज घेतो. कलम पहिल्या-दुसऱ्या वर्षीच फुलतं. वसईकडे आणि दक्षिण कोकणात फुलांसाठी जी लागवड होते ती कलमांची, बियांच्या रोपांची नव्हे. रोप कलमी आहे का हे बुंध्यावर बघायचं. मातीपासून वीतभर उंचीच्या आत तिरकी किंवा इंग्रजी व्ही आकाराची सांध्याची खूण, तिच्याखालच्या आणि वरच्या सालीत जाडीचा किंवा रंगाचा फरक, कधी कधी उरलेली प्लॅस्टिकची पट्टी. खूण नसेल तर कितीही उंच आणि देखणं रोप असलं तरी ते बियांचं धरून चाला. उलट फूटभर उंचीच्या रोपावर कळी दिसत असेल तर ते बहुतेक कलम असतं.

कलम असूनही फूल नाही, किंवा आधी येत होतं आणि बंद झालं, तर सांध्याखाली बघा. सोनचाफ्याचं कलम सोनचाफ्याच्याच रोपावर बांधतात, या खालच्या रोपाला खुंट म्हणतात. खुंटाला फूट आली की तिची पानं वरच्या पानांसारखीच दिसतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. खुंटाची फूट जोमदार असते, दोन पावसाळ्यांत ती मूळ कलमाच्या वर जाते आणि कलम सुकतं. झाड हिरवंगार दिसतं, पण आता ते बियांचं झाड झालेलं असतं. सांध्याखालची प्रत्येक फूट कोवळी असतानाच मुळापासून खुडायची. वरून कापली तर तिथून दोन येतात.

‘रंग बदलला’ या तक्रारीचं मूळही इथेच सापडतं. पांढरा सोनचाफा म्हणून जो विकतात तो मॅग्नोलिया अल्बा, म्हणजे सोनचाफ्याचा संकर. त्याला बी क्वचितच धरतं, म्हणून तो कलमानेच वाढवतात, आणि खुंट पिवळ्या सोनचाफ्याचा असतो. खुंट वर आला की पांढऱ्याच्या जागी काही वर्षांनी पिवळी फुलं येतात. फुलाची वाट न बघता दोघांतला फरक पानाच्या देठावर दिसतो. देठाच्या वरच्या बाजूला उपपर्णाचा व्रण लांबट पट्टीसारखा उमटलेला असतो. पिवळ्यात ही पट्टी देठाच्या निम्म्याहून पुढे जाते, पांढऱ्यात ती मध्याच्या अलीकडेच संपते. चार-पाच पानं बघून ठरवा, एका पानावरून नको. भिंग असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढून मोठा करून बघा. एक सावधगिरी मात्र हवी: अस्सल बियांच्या सोनचाफ्यातही फिकट, जवळजवळ साय रंगाची फुलं येणारी झाडं असतात. नुसता रंग फिका म्हणून त्याला अल्बा म्हणू नका.

ओळख बरोबर, कलम बरोबर, तरी पानं पिवळी पडत असतील तर माती बघा. देशावरच्या चुनखडीच्या जमिनीत सोनचाफ्याला लोह मिळत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. सरसकट युरिया टाकून हे सुधारत नाही, पानांचा आकार वाढतो आणि फूल लांबतं. मोठ्या खड्ड्यात लाल माती, शेणखत आणि पालापाचोळ्याचं खत भरून लावायचं, आणि आधीच लावलेल्या झाडाला लोहाचं चिलेटेड खत पाकिटावरच्या प्रमाणात द्यायचं. पाणी साचलेलं त्याला अजिबात चालत नाही. भारी काळ्या जमिनीत उंचवट्यावर लावा.

बी पेरायचंच असेल तर ताजं पेरा. तांबडं आवरण धुऊन काढायचं, सुकवत ठेवायचं नाही. सोनचाफ्याचं बी साठवलं की उगवण झपाट्याने घटते. डाकेने येणाऱ्या पाकिटातल्या बियांतून काही न उगवण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

देवचाफा: एका नावाची तीन झाडं

देवळाच्या आवारात, कबरस्तानात, सोसायटीच्या दारात दिसणारा पांढरा चाफा, खुरचाफा, लाल चाफा हे सगळे प्लुमेरिया. मूळचे मध्य अमेरिका आणि कॅरिबियन भागातले. म्हणजे सोनचाफ्याशी त्यांचं दूरचंही नातं नाही. त्यांचं कुळ कण्हेरीचं आहे, चीक तिथूनच आला. लाओसचं राष्ट्रीय फूल ‘दोक चंपा’ हेही प्लुमेरियाच. नावाचा हा गोंधळ आपल्यापुरता नाही.

बाजारात तीन जाती येतात आणि तिन्हीला ‘पांढरा चाफा’ म्हटलं जातं.

प्लुमेरिया रुब्राची पानं टोकाला अणकुचीदार असतात. थंडीत पानं पूर्ण गळतात. फुलं पांढरी-पिवळी, गुलाबी, लाल, कशीही असतात. रुब्रा म्हणजे लाल हे धरून पांढऱ्या फुलाच्या रुब्राला लोक ‘अल्बा’ म्हणतात, लेबलावरही तसंच लिहितात. खरा प्लुमेरिया अल्बा आपल्याकडे फार कमी दिसतो. त्याची पानं अरुंद आणि कडा मागे वळलेल्या असतात.

प्लुमेरिया ऑब्टुसाचं पान टोकाला बोथट, गोलसर, गडद हिरवं आणि चकचकीत असतं. थंडीतही पानं बऱ्यापैकी टिकतात. फूल शुभ्र, मध्ये लहानसा पिवळा डोळा. वासाला दोन्ही चांगले.

तिसरा प्लुमेरिया पुडिका. याचं पान देठाकडे अरुंद आणि टोकाकडे रुंद होत जातं, नागाच्या फण्याचा आकार दिसतो, आणि त्यावरूनच नर्सरीत त्याला ‘नागचाफा’ किंवा ‘नागचंपा’ म्हणतात. ‘नागचाफ्याला वास नाही’ ही तक्रार इथूनच येते. पुडिका भरभरून फुलतो, पण वास जवळजवळ नसतो. खत बदलून, छाटून, जागा बदलून वास येणार नाही. तो त्या झाडाचा दोष नाही, ते झाडच वेगळं आहे. कुंपणाच्या ओळीसाठी आणि पांढऱ्या फुलांच्या भरगच्चपणासाठी ते चांगलं आहे, सुवासासाठी नाही.

देवचाफ्याचा सोनचाफा समजून होणारा छळ म्हणजे पाणी. सोनचाफ्याच्या बेताने पाणी दिलं की देवचाफ्याची मांसल फांदी खालून कुजते. पावसाळ्यात थेट लावलेली ओली छाटही कुजते. पद्धत अशी: मार्च ते मे या काळात 30 ते 45 सेंटिमीटरची जून, राखाडी सालीची फांदी घ्यायची. सगळी पानं काढायची. सावलीत, उभी करून किंवा जाळीवर, आठवडा ते पंधरवडा ठेवायची. कापलेलं टोक कोरडं आणि कडक झालं पाहिजे, चीक येता कामा नये. माती, जाडी वाळू आणि कुजलेलं खत समप्रमाणात, खाली भोकाची कुंडी, फांदी 8 ते 10 सेंटिमीटर खोल. लावताना एकदा पाणी, मग वरची माती पूर्ण सुकल्याशिवाय पुन्हा नाही. पानं फुटली म्हणजे मुळं आली असं समजू नका, फांदीतल्या साठ्यावरही पानं फुटतात. महिनाभर तरी हलवू नका.

हिवाळ्यात पानं गळालेलं झाड मेलं समजून उपटलं जातं, हे फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा ते जिवंत असतं. शेंडा बोटांनी दाबा. घट्ट असेल तर झाड झोपलेलं आहे. मऊ, पोकळ लागला तर तेवढा भाग कुजला आहे. टणक लाकूड लागेपर्यंत खाली कापत या. पानाच्या पाठीवर नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा. रोगट पानं गोळा करून जाळायची किंवा गाडायची, झाडाखाली राहू द्यायची नाहीत.

नागचाफा, सुरंगी, उंडी: खरा गोंधळ इथे

हा भाग नीट वाचा, कारण इथे चूक झाली तर ती औषधापर्यंत जाते.

खरा नागचाफा म्हणजे नागकेशर, मेसुआ फेरिया. पश्चिम घाटाच्या सदाहरित जंगलातला वृक्ष, लाकूड विलक्षण कठीण आणि जड. श्रीलंकेचा हा राष्ट्रीय वृक्ष. पानं जोडीने, अरुंद, टोकदार, मागून पांढुरकी. नवी पालवी लालभडक आणि खाली लोंबणारी. फूल मोठं, चार पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळ्याधमक पुंकेसरांचा गुच्छ. वाढ फार हळू होते. नर्सरीतलं ‘नागचाफ्या’चं रोप वर्षभरात मीटरभर वाढलं असेल तर संशय घ्या.

उंडी, उंडल किंवा सुलतान चाफा, म्हणजे कॅलोफायलम इनोफायलम, समुद्रकाठचं झाड. तिचं पान ओळखायला सोपं: रुंद, टोकाला गोलसर, आणि मधल्या शिरेपासून दोन्हीकडे अगदी जवळजवळ, समांतर जाणाऱ्या असंख्य बारीक शिरा. पान उजेडासमोर धरलं की खात्री पटते. फुलं नागचाफ्याहून लहान, तुऱ्यात, पांढरी, वासाची. फळं गोल, हिरवी. त्यांच्या बियांचं तेल कोकणात दिव्यासाठी आणि होड्यांना लावायला वापरत आले आहेत. वाळूत, खाऱ्या वाऱ्यात ती उभी राहते. किनाऱ्यावरच्या बागेसाठी सुवासिक झाड हवं असेल तर नागचाफ्यापेक्षा हीच लावावी.

सुरंगी, म्हणजे मॅमिया सुरिगा, हिला चाफा कुणी म्हणत नाही, पण नागकेशराच्या नावाखाली ती येते. दक्षिण कोकणात, वेंगुर्ल्याच्या बाजूला, उन्हाळ्याच्या सुरुवातीला सुरंगीचे वळेसर, म्हणजे गजरे, बाजारात येतात, त्यांचा वास खोलीभर राहतो. पानं जोडीने, जाड, मागून पांढरी नसतात, आणि शिरांची बारीक जाळी दिसते. ओळखीची पक्की खूण म्हणजे फुलांची जागा: सुरंगीची फुलं पानं गळून गेलेल्या जुन्या फांद्यांवर घोसाने चिकटून येतात, नागचाफ्याची कोवळ्या फांदीवर एकेकटी किंवा जोडीने.

काष्ठौषधींच्या दुकानात ‘नागकेशर’ मागितलं तर तीन वेगळ्या वस्तू मिळू शकतात. मेसुआ फेरियाचे सुकलेले पुंकेसर, म्हणजे पिवळसर-तपकिरी बारीक तंतू. सुरंगीच्या सुकलेल्या कळ्या, ज्यांना लाल नागकेशर म्हणतात: लहान, गोलसर, तांबूस, देठासकट. आणि दालचिनीच्या जातीतली कोवळी फळं, जी काळं नागकेशर म्हणून जातात: काळपट, लवंगेच्या जवळपास दिसणारी. तंतू दिसत नसतील तर ते मेसुआ फेरियाचं नागकेशर नाही. वैद्यांनी सांगितलेल्या औषधात यातली कोणतीही वस्तू परस्पर बदलू नका, पुडी त्यांना दाखवून घ्या.

आणखी एक ‘नाग’: कैलासपती किंवा शिवलिंगी, काही ठिकाणी नागलिंग, म्हणजे कौरोपिटा. नाव ऐकून लोक त्यालाही नागचाफा म्हणून बसतात. दक्षिण अमेरिकेतून आलेला हा वृक्ष बुंध्यावरच फुलतो आणि बुंध्यावरच तोफगोळ्याएवढी फळं धरतो. मोठं झाड एकदा पाहिलं की घोळ राहत नाही. त्याची फळं जड असतात, म्हणून वाटेवर, बाकाशेजारी किंवा गाड्या लावतात तिथे लावू नका.

हिरवा चाफा: वास येतो, फूल दिसत नाही

आर्टाबोट्रिस हेक्झापेटालस हा सीताफळाच्या कुळातला चढणारा मोठा झुडूपवेल. सहा जाड पाकळ्या, तीन बाहेर तीन आत. फूल उमलतं तेव्हा पानाच्याच रंगाचं असतं आणि तेव्हा त्याला वासही फारसा नसतो. काही दिवसांनी पाकळ्या पिवळ्या होतात आणि मग पिकलेल्या फळासारखा दाट वास सुटतो. म्हणून हिरव्या फुलाला वास नाही ही तक्रार असेल तर थांबा, फूल तोडू नका. वास येतो पण फूल दिसत नाही अशी असेल तर आकड्यांजवळ पानांखाली शोधा, कारण फुलं त्या आकड्यांवरच येतात. दर वर्षी सगळ्या बाजूंनी छाटणारे लोक नेमके हेच आकडे कापून टाकतात आणि फूल का येत नाही विचारतात. छाटणी मुख्य बहर संपल्यावर, तीही फक्त वाट अडवणाऱ्या फांद्यांची.

याच्या जागी बहुधा जे मिळतं ते कनंगा ओडोराटा, यलंग-यलंग. कुळ तेच, वासही ओढून घेणारा, त्याच्या फुलांपासून अत्तराचं तेल काढतात. फरक असा: कनंगाला आकडे कधीच नसतात, तो सरळ खोडाचा वृक्ष होतो, त्याच्या पाकळ्या लांब, अरुंद, पिळवटलेल्या आणि खाली लोंबत्या असतात. हिरव्या चाफ्याच्या पाकळ्या जाड आणि आखूड. कनंगाचा बुटका प्रकारही कुंडीसाठी विकतात, तो माणसाच्या उंचीच्या आसपास राहतो. कुंडी आणि गच्चीसाठी तो हिरव्या चाफ्यापेक्षा बरा, कारण हिरव्या चाफ्याला भक्कम मांडव लागतो.

कवठी, कनक आणि भुईचाफा

कवठी चाफा मागताना ‘मोठा की झुडपी’ हे विचाराच. मॅग्नोलिया ग्रँडिफ्लोरा हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला वृक्ष, पानं जाड, मागे तांबूस लव, फूल फांदीच्या टोकाला, वीतभर रुंद, पांढरं. मॅग्नोलिया कोको हे दोन ते चार मीटरचं झुडूप, पान पातळ, मागे लव नाही, फूल खाली झुकलेलं, अंड्याएवढं. ते संध्याकाळी उमलतं आणि दुसऱ्या दिवशी पाकळ्या गळतात. सकाळी बघणाऱ्याला त्याचा वास कळतच नाही.

कनकचाफा या नावाने दोन झाडं येतात. एक मुचकुंद, म्हणजे टेरोस्पर्मम असेरिफोलियम: प्रचंड पानं, बोटभर लांब तपकिरी कळ्या, रात्री उमलणारं फूल, ज्याचा वास सुकल्यावरही राहतो. त्याची जागा बंगल्याच्या अंगणात नाही, मोकळ्या मैदानात आहे. दुसरं ऑक्ना: लहान झाड, निष्पर्ण असताना पिवळी फुलं, नंतर लाल पाकळीवजा दलांवर काळे मणी. मण्यांमुळे ते फळाच्या वेळी लगेच ओळखू येतं.

भुईचाफा झाडच नाही. केम्फेरिया रोटुंडा हा हळदीच्या कुळातला कंद. पानं येण्याआधी, पावसाच्या तोंडावर, जमिनीतून थेट जांभळट-पांढरं फूल येतं. उन्हाळ्यात कुंडी रिकामी दिसते म्हणून कंद फेकू नका.

मागवताना आणि चुकीचं लागल्यावर

फोनवर किंवा ऑनलाइन मागवताना नुसतं ‘चाफा’ लिहू नका. शास्त्रीय नाव, आणि सोनचाफ्याच्या बाबतीत ‘कलम’ हा शब्द लिहून घ्या. पाठवण्याआधी पाच फोटो मागा: पूर्ण रोप, बुंधा जमिनीपासून फूटभर, फांदीचा शेंडा, पानाची मागची बाजू, आणि देठ मोडून दहा सेकंदांनी त्या जागेचा. शेजारी नाणं ठेवायला सांगा, मापाचा अंदाज येतो. ओळखायला दुसऱ्या कुणाला फोटो पाठवतानाही हेच पाच पाठवा. नुसत्या फुलाच्या फोटोवरून मोबाइलचं ॲप पुडिका आणि ऑब्टुसा यांत गल्लत करू शकतं. पानाचा फोटो जोडला की बहुधा ती टळते.

चुकीचं झाड लागलेलं असेल तर सगळी सारख्या सहजतेने हलवता येत नाहीत. देवचाफा मोठा झाला तरी हलतो: फांद्या कमी करा, मुळं झटकून सावलीत काही दिवस सुकवा, कोरड्या हंगामात नव्या जागी लावा. सोनचाफ्याची मुळं मांसल असतात आणि दुखावली की झाड रुसतं. लावून वर्षाच्या आत, पहिला पाऊस झाल्यावर, माती न सुटू देता मोठ्या गड्ड्यासकट काढा, दोन-तृतीयांश पानं अर्धी कापा आणि पंधरा दिवस सावली करा. नागचाफ्याचं सोटमूळ खोल जातं, पिशवीतून जमिनीत गेल्यावर त्याला हलवायचा विचार सोडून द्यावा.

अंतराचा अंदाजही लावण्याआधीच घ्या. बियांचा सोनचाफा भिंतीपासून निदान 6 मीटर, छाटून आटोक्यात ठेवायचं कलम 3 मीटर, देवचाफा 2 ते 3 मीटर, नागचाफा 6, उंडी 8. हिरव्या चाफ्याला अंतरापेक्षा आधार महत्त्वाचा: लोखंडी किंवा जाड लाकडी मांडव, माणसाच्या डोक्याच्या वर, आणि खाली पाय ठेवायला जागा, म्हणजे पिवळी झालेली फुलं हाताने खुडता येतात.